फणसाचा पाट

या सहलीतून मुलांना समुद्र मिळणार होता, सुनांना चार दिवस घरापासून सुटका, कावेरीबाईंना दोन्ही नातवंडं एका वेळी, आणि हरिश्चंद्र धुरींना एकच दार. त्यांना दुसरं काही नको होतं. कुडाळच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या घराला दारं फार. गेल्या चतुर्थीला त्यांच्या दोन मुलांचं, विश्वेश आणि कौस्तुभचं, बिनसलं तेव्हा एक भाऊ पुढच्या दाराने बाहेर पडला, दुसरा मागच्या, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं आईच्या फोनवरून चाललं होतं. कॅरॅव्हॅनचं तसं नाही. रागावून निघालं तरी चपला शोधायला भावाच्या पायाशीच वाकावं लागतं.

भांडण गणपतीचं होतं. विश्वेशला यंदापासून तो पुण्याला फ्लॅटवर बसवायचा होता: रजा मिळत नाही, रस्त्यात कंबर मोडते, वर्षाकाठी पाच दिवसांसाठी एवढा आटापिटा कशाला. कौस्तुभचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "बसलो हय, बसतलो हय." हरिश्चंद्रांनी शेजारच्या वाडीत हे पाहिलं होतं. तिथे आधी गणपती वेगळा झाला, मग विहिरीचा पंप, आणि शेवटी एकमेकांच्या मयताला जाणं थांबलं. आपल्या डोळ्यांदेखत आपल्या घराचं तसं व्हायला नको, एवढ्यासाठी सत्तरी ओलांडलेला हा माणूस सावंतवाडीहून भाड्याने चाकांवरचं घर घेऊन कुणकेश्वराच्या अलीकडच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली येऊन राहिला होता.

आणि एकटा आला नव्हता. पाट घेऊन आला होता.

गणपती कुणाचा, हे पाट ठरवतो. घरचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या जागी, पोचला की मूर्ती सांगितली असं धरायचं. धुरींचा पाट फणसाचा आणि एकच. परत जाताना विश्वेश तो गाडीच्या डिकीत घालून नेणार, अशी कौस्तुभची खात्री होती. आपली पाठ वळताच कौस्तुभ तो शाळेत टाकून मोकळा होणार, अशी विश्वेशची. हरिश्चंद्रांचा दोघांच्याही खात्रीवर पूर्ण विश्वास होता. त्यांनी नव्याने रंगवायचा म्हणून पाटाचा तांबडा रंग गोठ्यामागे बसून खरवडला होता. तसाच उघड्या लाकडाचा पाट बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळला आणि कॅरॅव्हॅनमधल्या आपल्या बाकाखालच्या कप्प्यात सारला. कावेरीबाईंनाही सांगितलं नाही.

पहिला दिवस बरा गेला, म्हणजे दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, पण एकमेकांसमोर बोलले. ही प्रगती होती. मध्ये दुभाषी म्हणून कौस्तुभची नऊ वर्षांची गौरजा.

"गौरजा, काकांका विचार, चाय होयी काय."

विश्वेश हातभर अंतरावर बसला होता. "गौरजा, बाबांना सांग, बिनसाखरेचा."

"बाबा, बिनसाखरेची."

"विचार, साखर केवासून सोडल्यानी."

"काका, साखर..."

"आयकलंय गो, आयकलंय!" विश्वेश ओरडला. राग आला की त्याच्या अंगावरून पुणं गळून पडायचं.

हरिश्चंद्रांनी खुर्चीत डोळे मिटून ते ओरडणं जमेच्या बाजूला टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विश्वेशच्या यज्ञेशने तक्रार मांडली. तेरा वर्षांचा मुलगा, जाहिरात फोनवर उघडून समोर धरलेली. "बाबा, ह्यात दार उघडलं की डायरेक्ट पाणी आहे. आपल्याला झाडं."

"बरोबर आहे," विश्वेश म्हणाला. "समुद्रावर यायचं आणि सुरूची खोडं बघायची. गौरजा, बाबांना सांग, गाडी खाली घ्या."

"काकांका सांग, गाडी हयच बरी."

"का, ते विचार."

"सांग, मी चालवन आणलंय, माका म्हायत."

विश्वेश उठला आणि थेट भावासमोर जाऊन उभा राहिला. "चावी दे."

नऊ महिन्यांतला हा पहिला शब्द. हरिश्चंद्र खुर्चीत हलले सुद्धा नाहीत, न जाणो बोलणं थांबायचं.

कौस्तुभने चावी काढून दिली. "घे. तुझीच हौस."

ओहोटी होती. खालची वाळू ओली, सपाट आणि दिसायला सिमेंटसारखी होती. तशी ती फार वेळ राहत नाही, हे कौस्तुभला पुरतं ठाऊक होतं. काजूचा टेम्पो एकदा त्याने स्वतः असाच रुतवला होता. ठाऊक असून तो गप्प बसला. पुढे जे झालं त्यात विश्वेशची चूक मोठी, पण ही गप्प बसण्याची रक्कम कौस्तुभच्या नावावर मांडल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

कॅरॅव्हॅन पाण्यापासून दहा पावलांवर जाऊन थांबली. दार उघडलं तर डायरेक्ट पाणी. यज्ञेशने फोटो काढले, विश्वेशने ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. हरिश्चंद्र वर सुरूखाली, खुर्चीतच, समाधानाने झोपी गेले.

*

संचिता, विश्वेशची बायको, समुद्रात डुंबून आली आणि तिच्या लक्षात आलं की या चाकांवरच्या बंगल्याला समुद्राच्या बाजूने पडदाच नाही. थोड्या अंतरावर रापणीची माणसं, म्हणजे किनाऱ्यावरून दोन दोरांनी मोठं जाळं ओढणारी मंडळी, जाळं आवरत बसली होती. तिने भराभर कप्पे उघडले. सासऱ्यांच्या बाकाखाली सासूबाईंची साडी सापडली, कशाभोवती तरी गुंडाळलेली. आत एक फळी होती. गाडीचीच असेल म्हणून तिने ती बाहेर दाराशी टेकवली, साडी खिडकीवर बांधली आणि कपडे बदलले.

फळीवर मुलांची नजर दोन मिनिटांत गेली. ओल्या वाळूवर फळी टाकायची, धावत येऊन तीवर पाय ठेवायचे आणि घसरत पाण्यापर्यंत जायचं. गौरजा बसून घसरायची, यज्ञेश उभ्याने.

वर झाडांखाली रसिका, कौस्तुभची बायको, सुंगटं सोलत बसली होती. संचिता ओले केस पुसत शेजारी येऊन बसली आणि एक कोळंबी उचलून उलटसुलट करून पाहू लागली.

"डोक्याकडसून नको. हय धरा. आता ओढा," रसिका म्हणाली.

"तुटलं."

"तुटाने. खातल्यांक काय कळता."

थोडा वेळ दोघी सोलत राहिल्या. मग संचिताने विचारलं, "रसिका, गणपतीत मोदक किती करतेस ग?"

"करतंय तितके संपतत. मोजूक फुरसत खंय?"

"एकटी?"

"आई नारळ खोवतत. त्येंचे हात आता दुखतत. पाच दिवस मी आणि चूल." रसिका सोलता सोलताच बोलत होती. "माका आरतीसुद्धा धड आयकूक गावत नाय. भायर लोक म्हणतत, मी आत उसळ ढवळतंय. भजनवाल्यांची उसळ खाली लागली तर बुवा पुढच्या वर्षापर्यंत सांगत फिरता."

संचिताने आजूबाजूला पाहिलं. दोन्ही नवरे लांब होते. "तुला एक सांगू? कुणाला बोलू नकोस. मला तो पुण्याला नकोय."

रसिकाचा हात थांबला. "काय नको?"

"गणपती. अगं, ह्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर आत्ताच बोलावणी केलीयत. आमच्या घरात चौदा माणसं एका वेळी उभी राहू शकत नाहीत. आणि मला उकड येत नाही. माझा मोदक केला की विचारतात, ह्याच्याबरोबर चटणी कुठली."

"मगे भावजींका सांगूचा नाय?"

"सांगायची सोय आहे? 'माझ्या घरचा गणपती, तुला नको?' म्हणजे मीच वाईट. म्हणून म्हणते, तुला तर हवाय ना गावात? तू कौस्तुभभावजींना अजून जोर लावायला सांग."

"माका?" रसिका हसू लागली ती थांबेचना. कोळंबीच्या हाताने तिने पदर तोंडाला लावला. "ताई, मी कुणकेश्वराक नारळ बोललंय. एक वर्स तरी गणपती पुण्याक जाऊ दे म्हणान!"

संचिताने हातातली कोळंबी खाली ठेवली.

"म्हणजे तुझा नवरा ज्याच्यासाठी भांडतोय ते तुला नको, आणि माझा..."

"भावाभावांनी आपापल्या बायलेक विचारल्यानी असता तर भांडान झालाच नसता."

हा तह तिथेच, सुंगटांवर हात ठेवून झाला असता. पण दोघींना हवं ते एकाच गणपतीतून निघणार नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात यायला आणि खालून गौरजाची हाक यायला एकच गाठ पडली.

"काकीऽ! आये गोऽ! गाडी बसलीऽ!"

*

मागची चाकं निम्म्यावर रुतली होती आणि भरती लागली होती. विश्वेश स्टेअरिंगवर बसून जोर देत होता. चाकं फिरत होती, वाळू उडत होती आणि प्रत्येक जोराबरोबर गाडी खाली बसत होती.

"थांब रे!" कौस्तुभ ओरडला. "आणखी खोल जाता!"

"मग काय करू? तुला माहीत होतं ना हे?"

"माका कोण विचारता? चावी मागलंस, चावी दिलंय."

गौरजा मध्ये उभी होती. दुभाष्याची गरज संपल्याचं पाहून ती परत घसरायला गेली.

हरिश्चंद्र जागे झाले ते या आरडाओरड्याने. त्यांनी खाली पाहिलं: गाडी पाण्याकडे पाठ करून कलली होती, पहिली लाट चाकाला लागून परत जात होती आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे फणसाचा पाट बाकाखाली होता. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, असे ते उतारावरून निघाले, सगळ्यांच्या मधून गेले, पायरी चढले आणि आपल्या बाकावर जाऊन बसले.

"अण्णा, तुम्ही आत कशाला?" विश्वेश म्हणाला. "उतरा आधी."

"मी उतरणार नाही."

पंचायत समितीच्या कचेरीत लेखा विभागात ते निवृत्तीपर्यंत होते. महत्त्वाचं काही लपवायचं असलं की त्यांच्या तोंडून प्रमाण मराठी येई.

"अण्णा, पाणी येतंय!"

"येऊ दे. मी योग्य त्या ठिकाणी बसलेलो आहे."

"आजोबा कॅप्टन आहेत का?" यज्ञेशने विचारलं. "बोट बुडाली की कॅप्टन उतरत नाही."

कप्पा उघडून पाहावा तर सगळ्यांच्या देखत. न पाहावा तर जीव वरखाली. हरिश्चंद्रांनी दोन्ही तळवे बाकाच्या झाकणावर दाबून धरले आणि समोर बघत राहिले. ते रिकाम्या कप्प्यावर पहारा देत होते, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

कावेरीबाई खिडकीशी आल्या. "अवो, काय चललाहा तुमचा? उतरतास काय नाय?"

"कावेरी, तू पुढे हो."

"मी खंय पुढे होव? दर्यात?"

तेवढ्यात रापणीचा म्होरक्या, बाळा तांडेल, जाळं सोडून येऊन उभा राहिला. पोट पुढे, लुंगी वर खोचलेली. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि निवांत विचारलं, "ह्यो बंगलो हडे कोणी आणलो?"

कौस्तुभने भावाकडे पाहिलं. विश्वेशने खिशाला हात घातला. "हे बघा, तुमच्या माणसांनी ओढून दिली तर जे काय असेल ते..."

"हात काढ भायर," बाळा म्हणाला. "रापणीची रशी पैशांसाठी ओढनव नाय आमी. रशीक हात लायलो त्येका वाटो. हो आमचो कायदो. तुमचो हात लागलो तर तुमकापण."

"गाडीतला वाटा? म्हणजे कसला?"

"आधी भायर येव दे. पोटात काय आसा ता जाळा उघडल्याशिवाय कळता?" तो खिडकीतून आत डोकावला. "म्हातारो कित्याक बसलो हा?"

"उतरत नाहीत."

"बसान रवाने. जड मासळी."

दोर आले, पुढच्या हुकाला बांधले गेले. स्टेअरिंगवर कोण, हा प्रश्न निघाला, कारण बाळाला दोन्ही भाऊ दोरावर हवे होते. संचिता कोळंबीचे हात कमरेला गुंडाळलेल्या टॉवेलला पुसत आत चढली. "अण्णा, धरून बसा हं."

"मी धरूनच बसलोय," हरिश्चंद्र म्हणाले, आणि ते खरं होतं.

"मागल्या चाकाखाली कायतरी घाला रे!" बाळा ओरडला. "फळी म्हणा, दगड म्हणा, मिळात ता घाला!"

कौस्तुभने इकडेतिकडे पाहिलं. गौरजा घसरत त्याच्याच पायाशी येऊन थांबली. "दी हडे ती फळी." त्याने ती तिच्याखालून ओढून घेतली, धावत नेली आणि चाकाशी उकिडवा बसलेल्या विश्वेशच्या हातात दिली. विश्वेशने वाळू उकरून ती चाकाखाली सारली आणि टाचेने तीनदा ठोकली.

"पक्की बसली," तो म्हणाला. "लाकूड जुनं दिसतंय. भक्कम आहे."

"फणसाची ती," कौस्तुभ म्हणाला. "फणस असो मोडना नाय."

नऊ महिन्यांत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं ते हे.

कावेरीबाई दोर धरायला पुढे निघाल्या होत्या. चाकापाशी त्यांची नजर खाली गेली. वाळूतून फळीचा एक कोपरा वर आला होता, आणि त्या कोपऱ्यावर निरांजनाने जळलेला काळा डाग होता. तो डाग त्यांच्याच हातून पडला होता, त्या या घरात नव्या सून म्हणून आल्या तेव्हा. पुढे दरवर्षी त्यांनी तो फुलांनी झाकला होता.

त्यांनी तोंड उघडलं. दोन्ही मुलगे एका दोरावर होते, पुढे कौस्तुभ, मागे विश्वेश, एकाचा खांदा दुसऱ्याच्या छातीला लागलेला. आता ओरडलं तर दोघेही दोर सोडणार आणि नवरा गाडीसकट दर्यात जाणार. त्यांनी तोंड मिटलं. "बाप्पा, भार तुझ्यारच हा," एवढं म्हणून त्यांनी हात जोडले आणि त्याच हातांनी दोर धरला. मागे रसिका लागली, तिच्यामागे मुलं.

"हय्याऽ हो!"

चाक पाटावर चढलं. पाट करकरला. कावेरीबाईंनी डोळे मिटले.

"हय्याऽ हो!"

एक मोठी लाट मागून आदळली, आणि ती गेली तशी गाडी एकदम हलकी होऊन पुढे आली. दोरावरची अर्धी माणसं वाळूत बसली. कौस्तुभ विश्वेशच्या मांडीवर पडला. दोघे तसेच धापा टाकत राहिले, उठायची घाई कुणी केली नाही.

*

गाडी सुरूखाली कडक जमिनीवर लागल्यावर हरिश्चंद्र पायरी उतरले. "घाबरण्यासारखं काही नव्हतं," ते म्हणाले.

कावेरीबाई तिथे नव्हत्या. त्या पाण्याशी वाकून काही उकरत होत्या, धूत होत्या. परत आल्या त्या छातीशी फळी धरून. दोन्ही मुलांच्या मध्ये त्यांनी ती उभी केली.

"ह्या काय?"

"फळी," विश्वेश म्हणाला.

"कसली फळी?"

"फणसाची," कौस्तुभ म्हणाला, आणि खाली वाकला. त्याला कोपऱ्यावरचा निरांजनाचा डाग दिसला होता. विश्वेशने त्याचा चेहरा पाहिला, मग कोपरा.

हरिश्चंद्रांनी फळी पाहिली, मग मान वळवून गाडीकडे पाहिलं, आणि ते पायरीवर बसले.

"ज्या पाटापायी दोघे वर्सभर माझो फोन गरम करतास, तो एकान धावत न्हेल्यान आणि एकान टाच मारून चाकाखाली घातल्यान," कावेरीबाई म्हणाल्या. "एकाकव वळखाक इलो नाय. कसो येतलो? कधी कोणी उचललास? कधी पुसलास? तुमका म्हायत तो आरास केलेलो, वर गणपती बसलेलो."

"टाच दादान मारल्यान," कौस्तुभ म्हणाला.

"आणि दिला कोणी? तूच दिलास! शाळेत टाकायला लपवून आणला असशील."

"मी? तू न्हेवक लपयलंस आसतलंस, डिकीत!"

दोघेही थांबले. माळ्यावरून पाट उतरवायला शिडी लागते, आणि शिडीच्या खोलीची किल्ली एकाच माणसाच्या जानव्याला असते. सगळे पायरीकडे वळले.

"त्याचं असं आहे," हरिश्चंद्र प्रमाण मराठीत म्हणाले, "सर्व बाजूंचा विचार करता..."

"तुमी गप रवा. तुमचा मगे," कावेरीबाई म्हणाल्या.

रापणीची माणसं एव्हाना जवळ आली होती. पाट पाहून त्यांनी डोक्याचे रुमाल काढले. बाळाने पाटाला हात लावून नमस्कार केला. "म्हणान म्हटलंय, गाडी एकदम हलकी कशी झाली. आमी नाय ओढूक ती." जरा थांबून तो म्हणाला, "पण वाटो सोडतलंव नाय. आता वाटो ह्येच्याकडसून. गणपतीक जेवक येतलंव. सगळी रापण."

"येवा," कावेरीबाई ताबडतोब म्हणाल्या. "पण खंयच्या घराक येतलास, ता ह्येंका विचारा. एक म्हणता गाव, एक म्हणता पुणा."

"पुणा?" बाळाने विश्वेशला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "चौदा रापणकार तुझ्या फ्लॅटात? लिफ्टीचो वास जावक दिवाळी येतली."

विश्वेशने आधारासाठी बायकोकडे पाहिलं. संचिता साडी खिडकीवरून सोडून घडी घालत होती.

"माझ्याकडे चौदा ताटं नाहीत," ती म्हणाली.

"आणू की."

"आणि उकड येत नाही मला. आणि मला नकोच आहे तो तिथे."

"तू कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

विश्वेश वाळूकडे बघत राहिला. "गावात," तो पुटपुटला.

"मोठ्यान सांग," कावेरीबाई म्हणाल्या. "भावाकडे बघून."

"गावाक, म्हटलंय मां! गावाक! झाला?"

हरिश्चंद्रांनी पायरीवर डोळे मिटले. कौस्तुभच्या चेहऱ्यावर हसू पसरू लागलं, आणि तेवढ्यात रसिकाने सुंगटांचं पातेलं जमिनीवर असं ठेवलं की सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आणि रांधतला कोण?"

विश्वेशने कौस्तुभकडे पाहिलं, कौस्तुभने आईकडे.

"दरवर्सासारखा..." कौस्तुभने सुरुवात केली.

"दरवर्सासारखा नाय. तांडेलदादा, रशीक हात लायलो त्येका वाटो, हो कायदो खरो मां?"

"खरो."

"तर वाटे मी घालतंय." रापणीची मासळी वाटताना वाळूवर एकेका नावाने ढीग लावतात, तसं तिने बोटाने वाळूवर एकेक रेघ मारायला घेतली. "भावजी, तुमी चतुर्थीच्या चार दिवस आधी येतलास. आंगण, देवावरची माटवी बांधूची, पाणी."

"रजा मिळत नाही ग."

"गाडी रुतवूक मिळाली." दुसरी रेघ. "भजनवाल्यांची उसळ," तिने नवऱ्याकडे पाहिलं, "तुमी. पाची रात्री. खाली लागली तर बुवाक तुमीच उत्तर देवा. ताई, तुमी रशीक नाय लायलास, पण स्टेअरिंगाक लायलास, ता मी धरतंय. उकड मी काढतंय, मोदक तुमी वळतल्यात. वाकडे जावंदेत, देव बघना नाय. आईंनी ओढल्यानी, पण आई मोकळ्यो. त्येंचे हात दुखतत." ती पायरीकडे वळली. "नारळ अण्णा खोवतले."

"मी?" हरिश्चंद्र उठून उभे राहिले. "मी का? माझा दोराशी काडीचा संबंध नाही. मी हातसुद्धा लावला नाही!"

गौरजाने ही बाब आजोबांना नीट समजावून दिली. "आजोबा, तुमी मालात व्हतास. माल ज्येंनी ओढल्यानी त्येंचो."

बाळाने विचार करून मान डोलावली. "बरोबर सांगता चेडू."

एवढा हिशेब त्या संध्याकाळी वाळूवर झाला, आणि गणपतीत ज्याने त्याने आपली रक्कम भरली. विश्वेशने न मिळणारी रजा भरली. संचिताने वळलेले मोदक पहिल्या दिवशी मुलांना वाटले, शेवटच्या दिवशी पाहुण्यांना. कौस्तुभने उसळ भरली, आणि तिच्यासोबत नऊ महिने जपलेला रागही. उसळ ढवळताना राग धरून ठेवायला हात मोकळा राहत नाही. चौदा रापणकारांनी आपला वाटा जेवून नेला आणि वर बांगड्यांची टोपली ठेवून गेले, ती कावेरीबाईंनी विसर्जन होईपर्यंत घरात घेतली नाही. पाटाने टायरची नक्षी भरली. मूर्तिकाराने ती कसली म्हणून विचारलं, तेव्हा कावेरीबाईंनी गणपती जरा पुढे बसवायला सांगितला. हरिश्चंद्रांना गणपती एक मिळाला, मुलगे बोलते मिळाले, आणि हे आपण जुळवल्याचं कुणाला कळू नये ही तिसरी रक्कम बुडाली, कारण ते नारळ खोवायला बसले की वाडीतला प्रत्येक माणूस थांबून कारण विचारायचा.

रसिकाच्या नावावर यंदा एकच काम पडलं: पुढे बसून आरती म्हणणं. दुसरं कडवं तिला येत नव्हतं, ते यज्ञेशने फोनवर काढून दिलं.

आणि कुणकेश्वराला बोललेला नारळ? देवाने तिचं काम अर्धंच केलं होतं, गणपती काही पुण्याला गेला नव्हता. तरी तिने तो अख्खा दिला. सोलला हरिश्चंद्रांनी.